अस्वल शोधण्याचा वर्ग, नौपाडा: पैसे वसूल, झेरॉक्स सोडून

ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणार असाल, रानात पायी फिरायची हौस असेल आणि गुडघे साथ देत असतील, तर हा वर्ग जरूर करा. डिसेंबरात जाणार असाल तर पैसे वाचवा. तेव्हा तिथल्या डोंगरात फळ नसतं आणि अस्वलं ढोलीत नाहीतर कपारीत पडून असतात.

वर्गाचा विषय एका ओळीत मावतो: अमेरिकन काळं अस्वल त्याच्या खाण्यातल्या रानफळांवरून कसं शोधायचं. ठाण्याच्या नौपाड्यात एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, मे महिन्यात, शनिवारी संध्याकाळी तीन सत्रं आणि शेवटी रविवारची एक सकाळ येऊरच्या जंगलात. फी माणशी २,४०० रुपये. नवरा-बायको मिळून आलात तरी एक पैसा कमी नाही, मी विचारून पाहिलं. चालवणाऱ्यांचं नाव इथे घालत नाही, कारण पुढे चार कडू गोष्टीही आहेत आणि त्या मी त्यांना समक्ष सांगून झालोय. नौपाड्यात चौकशी केलीत तर पत्ता लागेल.

सोसायटीत ही बातमी फुटल्यावर गेटवर मला रोज एकच प्रश्न, ‘काका, येऊरला आता अस्वलं पण आली का?’ नाही आली. येऊरला बिबट्या आहे, अस्वल नाही. तरीसुद्धा येऊरची ती सकाळ हाच या वर्गाचा सगळ्यात चांगला भाग आहे, ते पुढे येईलच.

माझी नोकरी सगळी वैधमापन खात्यात गेली. दुकानदारांचे काटे, दूधवाल्यांची मापं, पेट्रोल पंपाचं नोझल, हे तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे समोरच्याने ‘साधारण’ म्हटलं की माझे कान टवकारतात. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे माझ्या तक्रारी कुठून येतात ते कळेल.

शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या आहेत, प्राणिशास्त्र शिकलेल्या, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर बरीच वर्षं राहून परत ठाण्यात आलेल्या. आमचा मुलगा नॉक्सव्हिलला असतो, म्हणजे त्याच भागात, त्यामुळे आम्हाला हा वर्ग अंगच्या मापाने शिवल्यासारखा पडला. तुमची मुलं कॅलिफोर्नियात किंवा वॉशिंग्टन राज्यात असतील तर फळांची यादी बदलते, तिकडे हकलबेरीचं राज्य. बाई विचारलं तर सांगतात, पण आपणहून नाही.

पहिल्या सत्रात अस्वलाचा एकही फोटो नाही. बाईंनी फळ्यावर डोंगर काढला, खाली १,८०० फूट लिहिलं, वर ५,९०० लिहिलं आणि विचारलं, ‘खालची ब्लॅकबेरी जुलैच्या सुरुवातीला पिकली, तर वरची कधी?’ पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं, की अस्वल कधी दाखवणार. पण प्रश्न पकडणारा होता. हॉपकिन्स नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९१८ साली एक आडाखा मांडला होता: झाडं फुटणं, फुलणं असल्या वसंतातल्या घटना दर ४०० फूट चढाला चार दिवसांनी मागे पडतात. मी वहीत हिशोब केला. फरक ४,१०० फुटांचा, म्हणजे ४१ दिवस. जुलैच्या सुरुवातीची ब्लॅकबेरी वर पोचेपर्यंत ऑगस्टचा मध्य.

मग मी हात वर केला. हा आडाखा वसंताचा आहे, फळ पिकणं पावसावर आणि उन्हावरही अवलंबून असतं. शिवाय बाईंनीच मघाशी सांगितलं होतं की वरच्या थंडीत वाढणारी ब्लॅकबेरी वेगळ्या जातीची, जवळजवळ बिनकाट्याची. जात वेगळी तर हिशोब एक कसा? ‘बरोबर आहे,’ बाई म्हणाल्या. ‘दिशा कळायला वापरायचा, तारीख काढायला नाही.’ उत्तर चोख होतं. पण ते मी हात वर करण्याआधी यायला हवं होतं, कारण अर्धा वर्ग ४१ दिवसांचा आकडा अधोरेखित करून बसला होता.

त्यानंतरचा तास मात्र भरगच्च गेला. त्या सीमेवरचं ग्रेट स्मोकी माउंटन्स हे उद्यान सुमारे २,१०० चौरस किलोमीटरचं, त्यात आपलं संजय गांधी उद्यान वीस वेळा बसेल, आणि उद्यानाच्याच अंदाजाने तिथे १,९०० च्या आसपास काळी अस्वलं. म्हणजे चौरस मैलाला दोन. तिथल्या अस्वलाच्या खाण्यातला ८५ टक्के भाग फळं आणि कवचाची फळं यांचा. एवढी अस्वलं असूनही माणसं दिवसभर गाडी फिरवून रिकाम्या हाताने परत येतात, कारण ती रस्त्याकडे बघतात. वसंतात अस्वल कोवळ्या गवतावर असतं आणि ओकच्या मुळांवर उगवणाऱ्या स्क्वारूट नावाच्या बांडगुळी वनस्पतीवर. जूनमध्ये सर्विसबेरी पिकते. जुलै-ऑगस्टात ब्लूबेरी, हकलबेरी, ब्लॅकबेरी. ऑगस्ट उतरताना ब्लॅक चेरी, आणि मग ओकच्या बोंडांचा, म्हणजे एकॉर्नचा हंगाम, जो अस्वलाला हिवाळ्यात घेऊन जातो.

इथे बाई अमेरिकन चेस्टनटवर घसरल्या आणि मला ते आवडलं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर एक बुरशी सापडली. ती आशियातून आलेल्या झाडांबरोबर शिरली होती. पुढच्या चार-पाच दशकांत तिने पूर्व अमेरिकेतले चेस्टनटचे सुमारे चार अब्ज वृक्ष संपवले. चेस्टनट दरवर्षी भरवशाने धरायचा, ओक तसा नाही. एका वर्षी बोंडांचा सडा, पुढच्या वर्षी काही नाही. ज्या वर्षी बोंडं पडत नाहीत त्या वर्षी अस्वलं गावात कचऱ्याच्या डब्यांपाशी येतात, आणि मग लोक म्हणतात अस्वलं माजली.

अस्वल खाण्यामागे इतकं का लागतं याचं कारणही नीट सांगितलं. शरद ऋतूत ते दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खाऊ शकतं. मादीचं मीलन जून-जुलैत होतं, पण गर्भ लगेच रुजत नाही, तो नोव्हेंबरच्या सुमारापर्यंत तसाच थांबून राहतो. तोवर अंगावर पुरेशी चरबी चढली तर तो रुजतो, जानेवारी-फेब्रुवारीत ढोलीतच पिल्लं होतात. चरबी नाही तर पिल्लं नाहीत. सौ. घरी येताना रिक्षात म्हणाली, ‘अहो, हे बायकांना कळलं असतं तर.’ पुढे काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

दुसरं सत्र खुणांचं. सहाची वेळ, सुरू झालं सहा पंचवीसला, कारण प्रोजेक्टरची वायर कोणाच्या तरी घरी राहिली होती. पडद्यावर विष्ठेचे फोटो आणि त्याच वेळी बटाटेवडे वाटायला घेतले. वडा चांगला होता, लसूण चटणी त्याहून चांगली, पण हा क्रम कोणी ठरवला?

शिकवलेलं मात्र पुढे फार उपयोगी पडलं. अस्वल बेरी एकेक वेचत नाही. ओठ आणि जीभ लावून डहाळीच ओरबाडतं, त्यात पानं, काड्या, कच्ची फळं सगळं जातं. फारसं चावतही नाही. म्हणून फळांच्या दिवसात त्याच्या विष्ठेत अख्ख्या बिया, सालं आणि पानांचे तुकडे तसेच दिसतात, आणि वासही मांस खाणाऱ्या जनावरासारखा मारत नाही. ब्लूबेरीच्या दिवसात ती निळी-काळी, चेरीच्या दिवसात आठळ्यांनी भरलेली. हरिण त्याच झुडपावर येतं तेव्हा शेंडे कुरतडून नेतं. पक्षी एकेक फळ उचलतो, देठ मागे राहतो. अस्वल आलं की झुडूप आडवं होतं. चेरीवर किंवा ओकवर चढलं तर ते दुबेळक्यात बसून फांद्या स्वतःकडे ओढून मोडतं, त्या मोडलेल्या फांद्यांचा ढीग तिथेच अडकून सुकतो, आणि खालून बघणाऱ्याला एखाद्या मोठ्या पक्ष्याने घरटं बांधल्यासारखं वाटतं.

अस्वलाला रंग दिसतात का, असा प्रश्न एका मुलीने विचारला. दिसतात. नॉक्सव्हिलच्याच टेनेसी विद्यापीठात बेकन आणि बर्गहार्ट यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काळी अस्वलं रंगांवरून निवड करायला शिकली होती. बाईंनी हे नावानिशी सांगितलं, ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ असं मोघम नाही. या बाबतीत त्यांना पूर्ण गुण.

आता झेरॉक्स.

फळं ओळखायचा जो तक्ता प्रत्येकाला देतात तो काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर आहे. फळांचा तक्ता. काळा-पांढरा. ब्लूबेरी, हकलबेरी, ब्लॅक चेरी, एल्डरबेरी, पोकवीड, सगळी एकाच करड्या रंगाची गोल गोळी. यातली पोकवीड माणसाला विषारी आहे. टेनेसीत ती रस्त्याकडेला, कुंपणाला, जिथे माती उकरली असेल तिथे उगवते, आणि तिची सगळ्यात पटकन दिसणारी खूण म्हणजे झगझगीत जांभळट-गुलाबी देठ. झेरॉक्समध्ये देठ काळा. एल्डरबेरीचाही काळा. अस्वलाच्या मागावर निघालेला माणूस तोंडात फळ टाकणार नाही असं समजून चालणं म्हणजे आपल्या लोकांची ओळख नसणं. मी तिथेच सांगितलं की माणशी २,४०० घेता, दोन रंगीत पानांना किती लागतात? ‘पुढच्या वेळी बघू’ असं उत्तर आलं. खात्यात असताना दुकानदार हेच म्हणायचे.

त्याच गठ्ठ्यात नकाशा आहे, त्यावर उंची काही ठिकाणी फुटांत, काही ठिकाणी मीटरमध्ये, आणि खाली प्रमाणपट्टी नाही. यावर मी बोललो नाही. एका दिवसात एकच भांडण, असा घरचा नियम आहे.

तिसरं सत्र सुरक्षिततेचं, आणि ते अपुरं आहे. पन्नास यार्डांपेक्षा जवळ जायचं नाही, हा स्मोकी उद्यानाचा नियमच आहे, तो सांगितला. पळायचं नाही, हेही. काळ्या अस्वलाने खरोखर हल्ला केलाच तर मेल्याचं सोंग घ्यायचं नाही, प्रतिकार करायचा, हेही. पण अस्वलावर मारायचा तिखट फवारा विमानात नेता येत नाही, ना केबिनमध्ये ना सामानात, तो तिथेच विकत घ्यावा लागतो, हे आमच्या मुलाने सांगितलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलं ते आपल्या अस्वलाचं. वर्गातले तिघे-चौघे दरवर्षी ताडोबा-मेळघाटला जाणारे. तेही जांभूळ, बोरं, उंबरं, बहाव्याच्या शेंगा, मोहाची फुलं खातं, मग हीच युक्ती तिकडे चालेल का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, ‘तत्त्व तेच.’ तत्त्व तेच असेल, पण जनावर तेच नाही. आपलं अस्वल दचकलं की अंगावर येतं. विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचायला गेलेल्या माणसांना अस्वलाने फाडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि त्या घडतात नेमक्या याच कारणाने: माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली एकाच वेळी. तिकडे ही विद्या कुठे जाऊ नये हे ठरवायला वापरायची. हे वाक्य मी बाईंकडून ऐकायला गेलो होतो, ते मिळालं नाही.

येऊर.

सकाळी साडेसहाला गेटवर जमलो. आत जायचं तिकीट वेगळं, फीमध्ये नाही. बाईंनी पहिली ताकीद दिली, आज कोणी प्राणी शोधायचा नाही, पिकलेलं फळ शोधायचं आणि त्याच्या खाली बघायचं. वानरांची टोळी डोक्यावरून गेली तरी त्यांनी मान वर करू दिली नाही. ‘ती काय टाकतात ते बघा.’ टाकलेलं होतं अर्धं खाल्लेलं उंबर.

उंबराखाली आम्ही बराच वेळ थांबलो. खोडालाच लगडलेली फळं, खालचा पाचोळा चिकट झालेला, वर तांबटाची टुक-टुक आणि एक धनेश. पाचोळ्यात दोन प्रकारची फळं पडलेली होती. काही आपसूक गळलेली, अख्खी. काहींना दातांच्या खुणा. त्यापासून पंधरा-वीस पावलांवर, पायवाटेतल्या सपाट दगडावर, उदमांजराची विष्ठा, आणि तीत करवंदाच्या चपट्या बिया तशाच्या तशा, धुऊन ठेवल्यागत. उंबराखाली करवंदाच्या बिया कशा? बाईंनी उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं, ‘करवंदाची जाळी कुठे असेल?’ मग सगळा गट खाली वाकून माग काढायला लागला. बँकेतले, आयटीतले, एक दातांचे डॉक्टर, सगळे.

जाळी सौ.ला सापडली. तिचं माहेर भोरकडचं, तिला हे कोणी शिकवायला नको होतं. तिने झुडूप बघून सांगितलं की कमरेइतक्या उंचीपर्यंतची माणसांनी नेलीत, वरची टोकं पक्ष्यांची, आणि आत काट्यात आहेत ती अजून दोन दिवसांनी. एक काळं तोडलं, देठाशी पांढरा चीक आला, तो बोटाला लागला तो दुपारपर्यंत सुटला नाही. मग तिने मला ‘कोंबडा की कोंबडी’ विचारलं. मी कोंबडा म्हणालो. फोडलं तर आत लालभडक. दातांच्या डॉक्टरांना हा खेळ माहीत नव्हता, ते मूळचे कुठले ते विचारायचं राहिलं.

परतताना गेटजवळ एक पाड्यावरची मावशी पळसाच्या द्रोणात करवंदं विकत बसली होती. सौ.ने द्रोण घेता घेता विचारलं, कुठली आहेत. ‘उन्हाच्या अंगाची संपली ताई. आता ओढ्याच्या बाजूची निघत्यात, ती मागून काळी पडतात.’ मी वही काढली. तीन सत्रांत उंची शिकवली, पण उतार कोणत्या तोंडाचा आहे, ऊन किती लागतं, हे कोणी बोललं नव्हतं. टेनेसीतही दक्षिणेकडे तोंड असलेल्या उताराला ऊन जास्त, गारव्यातल्या घळीत कमी. हॉपकिन्सच्या आडाख्यात ही भर द्रोणामागे वीस रुपयांत मिळाली. बाईंनी तिला पुढच्या वेळी वर्गात बोलवावं, मानधन देऊन. मी हे अभिप्रायाच्या कागदावर लिहिलंय.

एक जांभळाचं झाड दाखवलं, लोकांनी काठ्यांनी झोडपलेलं. त्यावरून माणसाने मोडलेली आणि अस्वलाने मोडलेली फांदी यातला फरक समजावला: काठीने डहाळ्या बाहेरच्या बाजूला तुटून खाली पडतात, अस्वलाच्या आतल्या बाजूला, खोडाकडे. नकली उदाहरण असूनही डोक्यात बसलं.

आता मालाची खरी तपासणी, म्हणजे ऑगस्टच्या शेवटाला स्मोकी.

तिथे आत जायला तिकीट नाही, पण गाडी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उभी करायची तर पाच डॉलरची दिवसाची चिठ्ठी घ्यावी लागते. केड्स कोव्ह नावाचं खोरं आहे, त्याला अकरा मैलांचा एकेरी रस्ता वळसा घालतो. उन्हाळ्यात बुधवारी तो मोटारींना बंद असतो, फक्त चालणारे आणि सायकलवाले. बुधवारच धरा, हे बाईंनी सांगितलं होतं आणि ते लाखमोलाचं निघालं. इतर दिवशी एखादं अस्वल रस्त्याकडेला दिसलं की गाड्यांची अशी रांग लागते की आपल्याला घोडबंदर रोड आठवावा.

चालता चालता आम्ही ब्लॅकबेरीच्या जाळ्या बघितल्या. खालच्या सगळ्या संपलेल्या, देठ सुकलेले. म्हणजे झुडपांवरून नजर काढायची आणि चेरीकडे वळायचं. मुलगा दुर्बीण घेऊन गवताळ मैदान न्याहाळत होता, सूनबाई हरणांचे फोटो काढत होत्या. सौ. कुंपणापाशी थांबली. पायाखाली रस्त्यावर चेरीच्या आठळ्या होत्या आणि त्यांत हिरव्या पानांसकट मोडलेली एक ताजी डहाळी. वारा नव्हता. तिने मला कोपराने ढोसलं, वर बघा म्हणून नाही, तर पलीकडच्या रांगेत तिसऱ्या झाडाची एकच बाजू हलतेय म्हणून.

अस्वल झाडात होतं, जमिनीपासून दोन मजले वर, दुबेळक्यात बूड टेकवून. पुढच्या पंजाने फांदी आत ओढायची, कड असा आवाज, मग ती तोंडासमोरून सरकवायची. तोंड फार उघडत नव्हतं. वरचा ओठ पुढे येऊन फळांच्या घोसावर फिरायचा, नुसत्या ओठाने काम. दर थोड्या वेळाने वीस-पंचवीस चेरी टपटप खाली. त्याचं आमच्याकडे लक्ष होतं की नव्हतं सांगता येत नाही, कान मात्र एकदा वळला. माझ्या अंदाजाने अंतर ऐंशी यार्ड. कुंपणाच्या खांबांतलं अंतर पावलांनी मोजून मी खात्री करून घेतली, मुलगा ‘बाबा, प्लीज’ म्हणाला तरी. त्याच्या आजूबाजूच्या फांद्यांत दोन जुने सुकलेले ढीग अडकलेले होते, म्हणजे हे झाड त्याच्या रोजच्या यादीतलं. बाजूने सायकलवाले हसत-बोलत निघून गेले, कोणी मान वर केली नाही.

वर अँड्र्यूज बॉल्ड नावाचं डोंगरावरचं गवताळ पठार आहे, ५,९०० फुटांवर. बाईंनी फळ्यावर लिहिलेला वरचा आकडा तोच. कुवोही शिखराच्या वाहनतळावरून, ज्याला २०२४ पर्यंत क्लिंगमन्स डोम म्हणत, उतरत जायचं आणि परत येताना चढ. गुडघ्यांचं मी उगाच लिहिलं नाही. तिथे ब्लॅकबेरी भरात होती, बिनकाट्याचीच. हिशोबाची दिशा बरोबर, तारीख मी मोजत नाही. पायवाटेवर निळसर-काळी विष्ठा, बिया, पानांचे तुकडे, अगदी पडद्यावर दाखवली तशी, आणि कडेला एका जाळीत आडवा झालेला पट्टा. अस्वल दिसलं नाही. आम्ही थांबलोही नाही. पायवाट त्या जाळीला चिकटून जात होती, पन्नास यार्ड राखायला जागाच नव्हती, आणि एवढ्या ताज्या खुणा असताना तिथे टाळ्या वाजवत, मोठ्याने बोलत पुढे जाणं हेच बरोबर. सौ.ने मोठ्याने भोंडल्याची गाणी म्हटली. समोरून येणाऱ्या एका अमेरिकन जोडप्याने हात जोडून नमस्कार केला, त्यांना ती प्रार्थना वाटली असावी.

तेव्हा वर्ग चालतो का? चालतो. त्याच रस्त्यावर दिवसभर घासूनही लोकांना जे दिसत नाही ते आम्हाला दुर्बिणीशिवाय दिसलं, आणि ते दिसलं चेरीमुळे. पण त्यातलं अर्धं श्रेय भोरकडच्या माहेराला जातं, हेही नमूद करतो. ज्यांनी लहानपणी जाळ्यांत हात घातलेत त्यांना पहिलं सत्र ओळखीचं वाटेल. ज्यांनी फळ फक्त दुकानातल्या डब्यात पाहिलंय त्यांनी येऊरची सकाळ चुकवू नये, एकवेळ एखादी संध्याकाळ बुडली तरी चालेल.

पुढची तुकडी पुन्हा मे महिन्यातच असते, कारण करवंदं तेव्हाच. नाव घालायला जाल तेव्हा रंगीत तक्ता मागा, नाही म्हणाले तर फाईल मागून राम मारुती रोडला स्वतः छापून घ्या. खिडकीकडची खुर्ची पकडा, मधला पंखा नुसता आवाज करतो. येऊरला पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि स्वतःची गाडी नेऊ नका, टीएमटीची बस गेटपर्यंत जाते. वाचनालयाला लिफ्ट नाही. आणि सहा म्हणजे सहा पंचवीस.